पन्नास ठोक्यांचा अर्थ

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यकर्त्यांनी मला 'मधुमेह आणि व्यायाम' या विषयावर बोलायला सांगितले. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. साखर कमी खा, रोज चाला, वजन उतरवा, हे तुम्ही शंभर वेळा ऐकले आहे. तेच एकशे एकाव्या वेळी सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. मी आज एकाच लहानशा गोष्टीबद्दल बोलणार आहे. ज्या मधुमेही माणसाने व्यायामाने शरीर कमावले आहे त्याची नाडी मंद का चालते, आणि ती मंद नाडी चांगली की वाईट? प्रश्न लहान दिसतो. परंतु या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः एकदा चुकीचे दिले होते, आणि त्याची कबुली आज तुमच्यासमोर द्यावी असे मला वाटते.

प्रथम दोन माणसांची हकिकत सांगतो. नावे सांगणार नाही.

पहिले गृहस्थ अंबड तालुक्यातले शिक्षक. तरुणपणी कबड्डी खेळलेले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. पुष्कळ लोक अशा वेळी खचतात, पण गुरुजींनी आजार मनावर घेतला. रोज पहाटे सहा किलोमीटर, त्यातले निम्मे अंतर पळत. दहा वर्षे हा नेम चुकला नाही. साखर ताब्यात, गोळी एकच. पुढे एका आरोग्य शिबिरात त्यांच्या बोटाला यंत्र लावले गेले आणि आकडा आला ४९. तिथे कोणीतरी त्यांना सांगितले, "गुरुजी, हृदय कमजोर झालंय, आता मशीन बसवावं लागेल." गुरुजींनी धसका घेतला. त्यांनी पळणे बंद केले, चालणेही बंद केले. चार महिन्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा वजन पाच किलोने वाढलेले होते आणि उपाशीपोटीची साखर ११० वरून १८० वर गेली होती.

दुसरे गृहस्थ जालन्याच्या मोंढ्यात हमाली करणारे. पन्नाशी उलटलेली, मधुमेह आठ वर्षांपासून. खांदे असे की पाहत राहावे. ते साखरेच्या गोळ्या लिहून घ्यायला आले होते. मी नाडी पाहिली, ४४ भरली. मी हसून म्हणालो, "मामा, तुमचं हृदय पैलवानाचं आहे. काही काळजी करू नका." मामाही हसले आणि गोळ्या घेऊन गेले. तीन आठवड्यांनी पाठीवर पोते असताना ते चक्कर येऊन मोंढ्यातच कोसळले. ई.सी.जी. काढल्यावर कळले की हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता. याला आम्ही पूर्ण अडथळा म्हणतो. त्यांना तेव्हाच्या औरंगाबादला नेऊन पेसमेकर बसवावा लागला. मामा वाचले, पण त्यात माझी हुशारी काही नव्हती.

एकाची नाडी ४९ आणि दुसऱ्याची ४४. आकडा जवळपास सारखाच. पहिल्याला विनाकारण भीती घातली गेली, दुसऱ्याला विनाकारण धीर दिला गेला. पहिल्याचा व्यायाम गेला, दुसऱ्याचा जीव जाता जाता राहिला. मग फरक कशात होता? तेवढेच आज समजून घेऊ.

मोठी बादली, थोड्या खेपा

निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा ठोका देते. शरीराला स्वस्थ स्थितीत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त लागते. आता हौद भरण्याचे उदाहरण घ्या. लहान बादलीने भरायचा तर खेपा जास्त, मोठ्या बादलीने भरायचा तर खेपा कमी. सामान्य माणसाचे हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. असे ७० ठोके झाले की ४९०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ पाच लिटर झाले. जो वर्षानुवर्षे पळतो, पोहतो, सायकल चालवतो, त्याच्या हृदयाचा कप्पा थोडा मोठा होतो आणि भिंत बळकट होते. एका ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त टाकता आले, तर ५० ठोक्यांतच पाच लिटर पुरे होतात. काम तेवढेच, खेपा कमी. हिशेब केला तर दिवसाला २८,८०० ठोके वाचले.

ही गोष्ट नवी नाही. स्वीडनमधील हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी १८९९ मध्ये बर्फावर लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनी ठोकून त्यांचे हृदय मोठे झाल्याचे नोंदवले होते. तेव्हापासून 'खेळाडूचे हृदय' हा शब्द वैद्यकशास्त्रात रूढ झाला. स्पेनचा प्रसिद्ध सायकलपटू मिगेल इंदुराइन याचे विश्रांतीतील ठोके मिनिटाला २८ होते असे सांगितले जाते. आपण काही इंदुराइन नव्हे. परंतु पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरची तयारी करणारी आपली मुले वर्षभर नेमाने पळाली, तर त्यांची नाडी साठच्या खाली उतरू शकते. हल्ली मनगटावरच्या घड्याळात ५४ आकडा दिसला की मुले घाबरून दवाखान्यात येतात. मुलांनो, दम टिकत असेल, चक्कर येत नसेल, घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले नसेल, तर तो आकडा तुमच्या मेहनतीची पावती समजा.

मधुमेह झाला म्हणून हा नियम बदलत नाही. ब्रिटनचा नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह याला १९९७ मध्ये मधुमेह निघाला. तो इन्शुलिन घेत सराव करत राहिला आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये त्याने आपले पाचवे सुवर्णपदक मिळवले. त्याच १९९७ साली पाकिस्तानचा गोलंदाज वसीम अक्रम यालाही मधुमेह असल्याचे कळले, आणि त्यानंतरही तो कित्येक वर्षे धावत येऊन चेंडू टाकत राहिला. मधुमेही माणसाचे हृदयही व्यायामाने घडते. गुरुजींचे हृदय तसे घडले होते.

कासरा आणि आसूड

आता मधुमेहाचा खास भाग सांगतो.

आपल्या सर्वांना ठाऊक आहे की बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४७-४८ च्या सुमारास, संविधानाचे काम अंगावर असताना, पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांची झोप उडाली होती. मुंबईत उपचार घेत असताना डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढे आपल्या माईसाहेब, यांची वैद्यकीय देखरेख त्यांना लाभली. मधुमेहात पायाचे मज्जातंतू दुखावतात, तळपाय जळजळतात, पुढे बधिर होतात, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण मज्जातंतू काही पायांतच असतात असे नाही. हृदयाकडेही मज्जातंतू जातात आणि अनेक वर्षे वाढलेली साखर त्यांनाही पोखरते. हे मात्र फार थोड्या लोकांना माहीत असते.

हृदयाकडे दोन प्रकारचे मज्जातंतू जातात. बैलगाडीचे उदाहरण घेऊ. गाडीवानाच्या एका हातात कासरा असतो आणि दुसऱ्या हातात आसूड. कासरा ओढला की बैल हळू चालतो, आसूड उगारला की धावतो. हृदयाचा कासरा म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. तो मेंदूपासून निघून मानेतून छातीत आणि पुढे पोटापर्यंत जातो. आपण स्वस्थ असतो तेव्हा तोच हृदयाला आवरून धरतो. नियमित व्यायाम करणाऱ्याच्या हातात हा कासरा चांगला घट्ट असतो. नाडी मंद होण्याचे हेही एक कारण आहे. अर्थात सगळे श्रेय कासऱ्यालाच द्यायला नको. ठोक्याची सुरुवात जेथून होते त्या केंद्राच्या पेशींतही व्यायामाने बदल होतो, असे मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले.

मधुमेहात मज्जातंतू झिजू लागले की बहुधा हा लांबलचक कासरा आधी झिजतो. आसूड मात्र शाबूत राहतो. मग काय होईल? बैल धावत सुटेल. म्हणजे मधुमेहाने हृदयाचे मज्जातंतू बिघडल्याची पहिली खूण मंद नाडी ही नसते. बसल्या जागी, झोपेतून उठल्या-उठल्यासुद्धा नाडी ९०, ९५, १०० अशी चालत राहणे, ही ती खूण असते. ताप नाही, रक्त कमी नाही, थायरॉइडचा दोष नाही, धावपळ नाही, तरी नाडी भरभर चालते. पुढे आसूडही झिजतो, मग जिना चढला तरी नाडी वाढत नाही आणि झोपले तरी उतरत नाही.

भोकरदन तालुक्यातील एक आजी मला आठवतात. मधुमेह पंधरा वर्षांचा. नाडी केव्हाही पाहा, ९८. घरचे म्हणायचे, आजीला अशक्तपणा आहे. एके दिवशी त्यांना दरदरून घाम आला आणि दम लागला. छातीत दुखले नाही, म्हणून घरच्यांनी लिंबू-सरबत देऊन झोपवले. दुसऱ्या दिवशी ई.सी.जी. काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला होता. वेदना पोचवणारे मज्जातंतूच निकामी झालेले असतील तर हृदय ओरडणार कसे? मधुमेहात असा मुका झटका येऊ शकतो. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात छातीची कोणतीही तक्रार नसलेल्या ५२२ मधुमेहींची हृदयतपासणी केली, तेव्हा ११३ जणांत दोष आढळला. म्हणजे दर पाच जणांत एकाहून थोडे अधिक. पुढे पाच वर्षे पाहिल्यावर असेही दिसले की तक्रार नसताना सरसकट सर्वांची अशी महागडी तपासणी करून फारसा लाभ होत नाही. म्हणून मी सर्वांना ट्रेडमिल टेस्ट करा असे सांगत नाही. पण मधुमेही माणसाला अचानक घाम, दम, उलटी, अति थकवा आला, तर छातीत दुखत नाही म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

तेव्हा मित्रहो, मधुमेही माणसाची मंद नाडी जर व्यायामाने आलेली असेल तर ती दुहेरी आनंदाची गोष्ट आहे. बादली मोठी आहे आणि कासराही शाबूत आहे, असा तिचा अर्थ. कासरा पाहण्याची एक सोपी रीत एडिंबरोच्या डॉ. युइंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. रुग्णाला मिनिटाला सहा असे संथ, खोल श्वास घ्यायला लावायचे आणि ई.सी.जी. चालू ठेवायचा. श्वास आत घेताना नाडी जलद होते, सोडताना मंद होते. हा फरक पंधरा ठोक्यांचा किंवा अधिक असला तर कासरा चांगला. दहाच्या आत आला तर शंका घ्यायची. वयाप्रमाणे हा फरक कमी होत जातो, हेही ध्यानात ठेवायचे. श्वासाबरोबर नाडी किंचित खालीवर होते म्हणून तरुणांनी घाबरू नये. ते निरोगी असण्याचे लक्षण आहे.

चार प्रश्न

मग माझी चूक कोठे झाली? मी आकडा पाहिला, पण प्रश्न विचारले नाहीत. मंद नाडी दिसली की चार प्रश्न विचारायचे असतात. ते तुम्ही पाठ करून ठेवा.

पहिला प्रश्न, नाडी कधीपासून मंद आहे? गुरुजींकडे जुने कागद होते. दहा वर्षांपूर्वी ७२, मग ६४, मग ५६, मग ४९. व्यायामाबरोबर पायरी-पायरीने उतरलेली नाडी. मामांच्या जुन्या चिठ्ठीवर दोन वर्षांपूर्वी ७६ लिहिलेले होते आणि आता एकदम ४४. ती चिठ्ठी त्यांच्या खिशातच होती. मी मागितली नाही.

दुसरा प्रश्न, श्रम केल्यावर नाडी वाढते का? गुरुजींना मी दवाखान्याचा जिना तीनदा चढा-उतरायला लावला. ४९ ची नाडी ९६ झाली आणि थांबल्यावर मिनिटभरात सत्तरच्या घरात आली. निरोगी हृदयाचे हे दोन गुण आहेत. हाक मारली की धावते आणि काम झाले की लगेच बसते. श्रम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी बारापेक्षा जास्त ठोक्यांनी उतरली पाहिजे, असे साधारण मानतात. मामांना पुढे वॉर्डात नुसते उठवून चार पावले चालवले, तर ४४ ची ४६ झाली. त्यांच्या हृदयाला वरचा हुकूमच पोचत नव्हता. मधुमेहींमध्ये हा अडथळा इतरांपेक्षा थोडा अधिक आढळतो. एक सूचना देतो. ज्याला चक्कर किंवा छातीची तक्रार आहे त्याने ही जिन्याची परीक्षा घरी करू नये.

तिसरा प्रश्न, काही त्रास होतो का? चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, थोड्या कामाने दम, पायांवर सूज, पूर्वी सहज होणारे काम आता न होणे. मामा दोन महिन्यांपासून एक पोते टाकले की टेकून उभे राहत होते. सोबतच्या हमालांना हे दिसत होते. मला दिसले नाही.

चौथा प्रश्न, गोळ्या कोणत्या चालू आहेत? रक्तदाबासाठी दिली जाणारी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे नाडी मंद करतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन हीसुद्धा करतात. मूत्रपिंड बिघडून रक्तातले पोटॅशियम वाढले तरी नाडी मंदावते. थायरॉइड कमी असले तरी मंदावते. आणि आपल्या भागात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, कपाशीवर फवारणी केली का? काही कीटकनाशकांच्या विषबाधेत नाडी मंद होते, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. तेव्हा घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठायचे.

या चार प्रश्नांनंतर एक साधा ई.सी.जी. काढायचा. त्याला फार खर्च येत नाही आणि पाच मिनिटांत होतो. गुरुजींच्या ई.सी.जी.त प्रत्येक ठोका वरून खाली नीट उतरत होता. मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, उद्यापासून चालायला लागा, महिन्याभरात पळा." आज ते पुन्हा पळतात.

कष्ट आणि व्यायाम

आता जे सांगायचे ते थोडे जड जाते, पण सांगितले पाहिजे. मामांना मी प्रश्न का विचारले नाहीत? कारण त्यांचे खांदे पाहून मी गृहीत धरले की हा कष्टकरी माणूस धडधाकटच असणार. ४४ ची तीच नाडी घेऊन मोंढ्यातला एखादा आडत्या आला असता, तर मी त्याचा ई.सी.जी. नक्की काढला असता. त्या दिवशी मी नाडी मोजली, पण माणूस मोजला नाही. राबणाऱ्याला आजार होत नाही, हा समज आपल्या समाजात आहे आणि मी डॉक्टर असूनही माझ्यात होता. त्याची किंमत मामा मोजणार होते.

शास्त्रही याला दुजोरा देते. हमालाचे काम अवघड खरे, पण ते हृदय घडवणारा व्यायाम नव्हे. जड पोते उचलणे, क्षणभर श्वास रोखणे, रक्तदाब चढणे, मग बसणे, पुन्हा उचलणे, यातून स्नायू वाढतात. अर्धा-पाऊण तास एका लयीत चालण्या-पळण्याने नाडी जशी मंद होते तशी या कामाने होत नाही. त्यात पुरेशी विश्रांती नाही, वेळेवर जेवण नाही, उन्हाचा कहर. म्हणून कष्टकरी माणसाची नाडी मंद दिसली तर तिला व्यायामाचे फळ समजून मोकळे होऊ नका. आधी तपासा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे बारीक माणूस निरोगीच असतो हा समज. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीरावर दीर्घकाळ संशोधन केले. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक दोघांचा २२.३. पण शरीरातली चरबी डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के आणि डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळत. याज्ञिकांनी स्वतःबद्दल विनोदाने लिहिले की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी धावत गाठणे. हसण्यावारी नेऊ नका. आपण भारतीय वरून बारीक आणि आतून चरबीचे असू शकतो. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत दिला आहे. त्यांत बारीक माणसेही पुष्कळ आहेत. म्हणून घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर तिशीनंतर वर्षातून एकदा साखर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ६.५ किंवा जास्त, आणि पुन्हा तपासल्यावरही तसेच आले, तर तो मधुमेह.

पळणाऱ्या मधुमेहींसाठी

आता जे मधुमेही व्यायाम करतात किंवा करू इच्छितात त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी घेतात, त्यांनी पहाटे रिकाम्या पोटी एकदम पळू नये. साखर १०० च्या खाली असेल तर आधी थोडे खावे. व्यायामाचा परिणाम कित्येक तास टिकतो. संध्याकाळी खूप श्रम झाले तर रात्री झोपेतही साखर उतरू शकते. खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, छाती धडधडली, भूक खवळली, तर तीन चमचे साखर खावी, पंधरा मिनिटे थांबावे, फरक नसेल तर पुन्हा खावी. आपल्या जालन्याच्या मोसंबीचा एक पेला रसही त्या वेळी चालतो. एरवी मात्र मधुमेहींनी मोसंबी फोडी करून खावी, रस पिऊ नये. रसाने साखर झटकन चढते.

येथे नाडीचा संबंध पुन्हा येतो. साखर उतरली की शरीर आसूड उगारते, छाती धडधडते, आणि त्यावरून आपल्याला धोका कळतो. अटेनोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर ही धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र येतो. अशा माणसाने घामालाच धोक्याची घंटा समजावे. पण ऐकीव माहितीवरून ती गोळी एकदम बंद करू नये. तसे करणे हृदयाला घातक ठरू शकते. जे करायचे ते डॉक्टरांना विचारून.

तसेच, चाळिशी उलटलेल्या आणि बरीच वर्षे मधुमेह असलेल्या माणसाने एकदम शर्यतीत उतरू नये. आधी ई.सी.जी., डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि पायांच्या संवेदनेची तपासणी करावी. मग चालण्यापासून सुरुवात करावी. बधिर पायाने अनवाणी चालू नये. काटा रुतला तरी कळत नाही आणि त्याच काट्यापायी पुढे पाय गमवावा लागतो.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी काम

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला मी एक गृहपाठ देतो. त्याला पैसे लागत नाहीत. उद्या सकाळी घरातील मोठे माणूस अंथरुणातून उठण्यापूर्वी त्याची नाडी मोजा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, आपली मधली तीन बोटे हलकेच ठेवा. आपला अंगठा लावू नका, कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके एका लयीत आहेत की मध्येच चुकतात तेही पाहा. आकडा आणि तारीख वहीत लिहा. दर महिन्याला एकदा असे करा. करोनाच्या काळात बोटाला लावायची यंत्रे पुष्कळ घरांत आली. ती असतील तर वापरा, पण बोटांनी मोजायची सवय सोडू नका.

तुमच्या वहीतल्या आकड्यांना खरा अर्थ वर्षभराने येईल. आकडा हळूहळू उतरत असेल आणि माणूस रोज चालत असेल, तर आनंद माना. आकडा एकाएकी पन्नासच्या खाली गेला, किंवा चक्कर आणि दम सोबत आला, किंवा विश्रांतीत सतत नव्वदच्या वर राहू लागला, तर वही घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा, "साहेब, ई.सी.जी. काढून बघायचा का?" प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. माझ्यासमोर त्या दिवशी मामांच्या सोबत एखादा शिकलेला मुलगा असता आणि त्याने एवढेच विचारले असते, तर मामांवर मोंढ्यात कोसळण्याची वेळ आली नसती.

मामा पुढे मला भेटायला आले. छातीवरच्या पेसमेकरच्या जागी हात ठेवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता खरंच पैलवानाचं झालं का?" त्यांच्या मनात काही राग नव्हता. मी मात्र तेव्हापासून मंद नाडीचा कोणताही माणूस चार प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू देत नाही.